राखीव बळाचा प्रश्न

इमारतीच्या लिफ्टमध्ये धातूची एक लहानशी पट्टी लावलेली असते. 'सहा व्यक्ती, ४०८ किलो' असे काहीसे तिच्यावर लिहिलेले असते. माणशी ६८ किलो धरून हा हिशेब केलेला असतो. कधी तरी घाईत सातवा माणूस आत शिरतो, जुनी लिफ्ट किंचित कुरकुरते आणि वर जाते. सगळे सुखरूप उतरतात. मग साहजिकच वाटते की पट्टीवरचा आकडा खरा नव्हे, खरी ताकद त्याहून पुष्कळ अधिक आहे. हे वाटणे निराधार नाही. सहा माणसांच्या भाराने तुटायच्या बेतात येईल असा दोर लिफ्टला कोणी लावीत नाही. तो कित्येक पट मजबूत असतो. मग पट्टीवरचा आकडा आणि दोराची खरी ताकद यांच्यामध्ये जे बळ शिल्लक उरते, ते कशासाठी? ते कोणाच्या मालकीचे? वापरले नाही तर ते वाया गेले असे समजावे, की वापरले तर कोणाचे तरी काही हिरावून घेतले असे समजावे?

हा प्रश्न आम्ही आज एका इवल्याशा वस्तूच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडीत आहोत. घरात टेबलावर जो संगणक असतो, त्याच्या पोटात प्रोसेसर असतो. आकाराने तो बिस्किटाएवढा. पण संगणकाची मुख्य आकडेमोड त्याच्याकडे असते. ही आकडेमोड ठेक्यावर चालते. गायनवृंदाचा प्रमुख ज्या लयीत हात हालवितो त्या लयीत सगळ्यांचे सूर पडतात. तसाच एका स्फटिकाच्या स्पंदनांवरून ठरलेल्या ठेक्यावर प्रोसेसर एकेक पाऊल टाकतो. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. कारखान्यातून निघताना प्रत्येक प्रोसेसरला त्याचा वेग नेमून दिलेला असतो. हा नेमून दिलेला वेग आपल्या हाताने वाढवायचा आणि त्याच पैशांत अधिक काम करून घ्यायचे, या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. संगणकाची गोडी लागलेली मुले केव्हा ना केव्हा हा प्रयोग करून पाहतात. वडीलधाऱ्यांना तो महागाची वस्तू बिघडविण्याचा नाद वाटतो. आम्हांला मात्र त्या नादात एक गंभीर विचार दडलेला दिसतो, आणि तो त्या मुलांइतकाच त्यांच्या आईवडिलांच्याही कामाचा आहे.

प्रथम हा आकडा ठरतो कसा, ते पाहू. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो प्रोसेसर एकाच वेळी घडविले जातात. आराखडा एक, यंत्रे एक, तरी सगळे सारखे उतरत नाहीत. एकाच भट्टीतल्या पावांपैकी काही छान फुगतात आणि काही कडेला करपतात, तसाच हा प्रकार. कारखान्यात प्रत्येकाची चाचणी होते आणि कोण किती वेगाने बिनचूक चालतो यावरून वर्गवारी लावली जाते. मात्र चाचणीत जो वेग सहज साधला तोच आकडा प्रोसेसरला मिळत नाही. त्यातून काही भाग जाणूनबुजून मागे ठेवला जातो. हा प्रोसेसर उद्या कोणाच्या घरी जाईल, तिथे मे महिन्यातील उकाडा असेल की नाही, पंख्यावर धूळ साचेल काय, वीज कमीजास्त होईल काय, हे कारखान्याला ठाऊक नसते. शिवाय प्रोसेसरही वयाने झिजतो. त्याच्या अंगातील सूक्ष्म धातूच्या तारांतून वर्षानुवर्षे वीज वाहिली की तारेतील अणू हळूहळू जागचे सरकू लागतात. त्या अनोळखी घरासाठी आणि त्या येणाऱ्या म्हातारपणासाठी जे बळ बाजूला काढलेले असते, त्यालाच आम्ही राखीव बळ म्हणत आहोत.

पण चित्राची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आकड्यामागे सावधगिरीबरोबर व्यापारही असतो. स्वस्त मालाला गिऱ्हाईक अधिक असले की वरच्या प्रतीचे प्रोसेसरही खालच्या आकड्याने विकले जातात. म्हणजे एखाद्या प्रोसेसरचा आकडा कमी आहे तो त्याच्या दुबळेपणामुळे, की दुकानाच्या सोयीमुळे, हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच हौशी मंडळी या साऱ्याला सिलिकॉनची सोडत म्हणतात. 'वस्तू माझी, पैसे माझे, आणि तिच्यात दडलेले बळ विकणाऱ्याने दाबून ठेवलेले. मग ते मी का वापरू नये?' असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला नुसते दटावून गप्प करणे बरोबर नव्हे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. असलेले बळ कधीच न अजमावता पुरून ठेवणे हा काही सद्गुण नव्हे.

या म्हणण्याला इतिहासाचाही दुजोरा आहे. १९९८ साली इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००ए नावाचा एक स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. तो ३०० मेगाहर्ट्झने चालत असे. हा वेग एका गुणाकारातून येई : मदरबोर्डवरील मुख्य मार्गाचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, आणि त्याची साडेचार पट. साडेचार हा गुणक कंपनीने कुलूपबंद केला होता. मार्गाचा वेग मात्र मोकळा होता. अबिट कंपनीच्या बीएच ६ सारख्या मदरबोर्डवर तो पडद्यावरील यादीतूनच बदलता येई. इतर काही मदरबोर्डांवर लोक प्रोसेसरच्या एका विशिष्ट टोकावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावीत. ६६ चे १०० केले की साडेचारपट होऊन वेग थेट ४५० वर जाई. त्याच वर्षी आलेला ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ कितीतरी महाग होता. सेलेरॉनची साठवणस्मृती आकाराने लहान असली तरी त्याच्याच अंगावर असून पूर्ण वेगाने चालत असे. त्यामुळे अनेक कामांत तो त्या महागड्या भावंडाच्या बरोबरीने उभा राहिला. निम्म्याने वाढलेला वेग, आणि तोही जवळजवळ फुकट! एका पिढीच्या मनात ओव्हरक्लॉकिंगची गोडी रुजली ती अशा अनुभवांतून.

आता आजचा एखादा नवशिका पहिल्या प्रयत्नाला बसतो, तेव्हा काय घडते ते पाहू. तो समजूतदार असेल तर आरंभी वेगाला हात लावीत नाही. कारखान्याने दिलेल्या स्थितीत प्रोसेसर किती तापतो याची तो नोंद करतो. आपले लिखाण, फोटो, हिशेब यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवतो. संगणक सुरूच झाला नाही तर मूळ स्थिती कशी आणायची, हे शिकून घेतो. मदरबोर्डवर त्यासाठी दोन टोके असतात, किंवा नाण्यासारखी एक बॅटरी असते. संगणकाची वीज तोडून ती टोके जोडली अथवा ती बॅटरी काही वेळ काढून ठेवली की केलेले बदल पुसले जातात. मग तो बायोस नावाच्या पडद्यावर जाऊन गुणक ४० असेल तर ४१ करतो. मूळ ठेका १०० मेगाहर्ट्झचा असल्याने ४००० चे ४१०० होतात. संगणक पुन्हा सुरू होतो, सगळे पूर्वीसारखेच दिसते, आणि मुलाच्या चेहऱ्यावर हसू उमटते. पुढे ४२, मग ४३. एका पायरीवर संगणक अडखळतो. तेव्हा वीजदाब थोडा वाढवायचा, म्हणजे तो पुन्हा चालू लागतो. मोहाची खरी सुरुवात इथे होते.

कारण वीजदाब वाढविण्याची किंमत सरळ नसते. प्रोसेसर जी वीज खातो आणि तिची जी उष्णता करतो, ती ठेक्याच्या प्रमाणात वाढते. पण वीजदाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्क्यांनी आणि वीजदाब १० टक्क्यांनी वाढविला, तर १.२ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे उष्णता जवळजवळ ४५ टक्क्यांनी वाढते. मिळकत २० ची आणि खर्च ४५ चा. त्यातही पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून महाग पडते. शिवाय अधिक दाब आणि अधिक उष्णता मिळून ती आतली झीज लवकर घडवून आणतात. पंखा कितीही मोठा असला तरी तो खोलीतल्याच हवेने थंडावा देतो. हवा १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तितक्याच अंशांनी अधिक तापतो. डिसेंबरच्या रात्री यशस्वी झालेला प्रयोग मे महिन्याच्या दुपारी फसतो तो यामुळे. राखीव बळ म्हणजे काय, हे त्या दुपारी कळते. डिसेंबरमध्ये जे निरुपयोगी वाटले, ते मे महिन्यासाठी ठेवलेले होते.

येथवरचा धडा काटकसरीचा झाला. नीतीचा धडा याच्या पुढे आहे. वेग मर्यादेबाहेर गेला की संगणक बंद पडतो, अशी सामान्य समजूत असते. बंद पडला तर बरेच म्हणायचे. कारण बंद पडणे हा प्रामाणिक नकार आहे. परंतु बंद पडण्याच्या अलीकडे एक अरुंद पट्टा असतो. तिथे संगणक चालू राहतो, पडदा स्वच्छ दिसतो, गाणी वाजतात, पत्रे लिहिली जातात. फक्त लाखो-कोटी बेरजांतील एखादी चुकते. दोन ठोक्यांमधील वेळ इतका कमी झालेला असतो की उत्तर पुरते तयार होण्याआधीच ते उचलले जाते. चुकले आहे हे प्रोसेसरला कळत नाही, म्हणून तो सांगतही नाही. खोटे उत्तर खऱ्या उत्तराच्याच तत्परतेने पुढे येते. आधी जाते ते सत्य. वेग सर्वांत शेवटी जातो.

चुकीचे उत्तर देणारा प्रोसेसर म्हणजे काय, हे जगाने १९९४ साली एका वेगळ्या कारणाने पाहिले. त्या वेळच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात रचनेचाच एक दोष राहून गेला होता. त्याचा ओव्हरक्लॉकिंगशी संबंध नव्हता. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात गणिताचे अध्यापन करणारे थॉमस नाइसली यांना आपल्या संशोधनाच्या आकडेमोडीत विसंगती आढळली. त्यांनी एकेक शक्यता बाजूला सारीत दोष प्रोसेसरपर्यंत आणून दाखविला. पुढे सर्वत्र गाजलेले उदाहरण असे : ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२ यायला हवे. तो प्रोसेसर १.३३३७४ देत असे. फरक दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानावरचा. सर्वसामान्य माणसाला तो आयुष्यात कधी भेटलाही नसता. तरीही लोक खवळले, आणि इंटेलला प्रोसेसर बदलून देण्यासाठी ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा भार सोसावा लागला. लोकांचा राग आकड्याच्या आकाराबद्दल नव्हता. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबायचे, तोच न सांगता चुकतो, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही.

म्हणूनच ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांनी स्वतःवर एक शिस्त लादून घेतली आहे, आणि ती आम्हांला फार आदरणीय वाटते. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली प्रचंड मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्यासाठी जगभरच्या स्वयंसेवकांना एकत्र आणले. त्यासाठी त्यांनी लिहिलेल्या प्राइम-९५ या कार्यक्रमात प्रोसेसरची कसून परीक्षा घेण्याची सोय आहे. ज्यांची उत्तरे आधीपासून ठाऊक आहेत अशी अवघड गणिते प्रोसेसरला तासन्‌तास घातली जातात आणि प्रत्येक उत्तर ताडून पाहिले जाते. एक जरी चुकले तरी परीक्षा नापास. समंजस नवशिका रात्रभर हे चालू ठेवतो आणि सकाळी एक चूक दिसली तर निमूटपणे एक पायरी खाली येतो. आपल्याला हवे ते उत्तर मिळाले म्हणून खूश न होता, ते खरे आहे काय हे तपासण्यासाठी रात्र घालविणे, आणि खरे नसेल तर मिळविलेले सोडून देणे, ही सवय पुष्कळ मोठ्या माणसांनाही जमत नाही.

आणखी एक धडा त्या सेलेरॉनच्या काळातील आहे. प्रत्येक सेलेरॉन १०० च्या मार्गावर टिकत नसे. अशा वेळी लोक तडजोड म्हणून ७५ किंवा ८३ मेगाहर्ट्झ निवडीत. प्रोसेसरला ते सोसे. परंतु त्या मुख्य मार्गावरूनच पीसीआय नावाच्या दुसऱ्या मार्गाचा ठेका काढलेला असे, आणि त्या मार्गावर हार्ड डिस्कचा कारभार चाले. त्याला ३३ चा ठेका नेमलेला. ६६ चे निम्मे ३३ आणि १०० चा तिसरा हिस्साही ३३. त्यामुळे तिथे सर्व ठीक असे. पण ८३ चे निम्मे केले तर ४१ च्या वर जाते. म्हणजे प्रोसेसरला जपता जपता शेजाऱ्यालाच पळविले जाई. क्वचित डिस्कवर लिहिलेली माहितीच बिघडे. वेगाचा आनंद एकाच्या नावावर आणि नुकसान भलत्याच्या खात्यावर! आपण आपला ठेका वाढविला की आपल्याशी बांधलेल्या सगळ्यांचा ठेका वाढतो. त्यांना कोणी विचारलेले नसते.

याच कृतीचे निखळ पापात रूपांतर कसे होते, तेही त्याच दशकाने दाखविले. काही लबाड व्यापारी स्वस्त प्रोसेसरवरील आकडा खरवडून काढीत, त्यावर वरचा आकडा छापीत, आणि महाग माल म्हणून विकीत. गुणक कुलूपबंद करण्यामागे ही फसवणूक रोखण्याचा हेतू असल्याचे इंटेलने सांगितले. आपल्याच महाग मालाला धक्का लागू नये हा स्वार्थही त्यात होता, अशी टीका झाली. २००५ साली मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी लिहिले की, संगणक कोसळल्याचे जे अहवाल त्यांच्याकडे येत, त्यांतील काहींत जी आज्ञा चुकूच शकत नाही तीच चुकलेली दिसे. शोध घेता ते संगणक ओव्हरक्लॉक केलेले निघत. त्यांतील काही मालकांना तर याचा पत्ताच नव्हता, कारण दुकानदाराने तो संगणक तसाच त्यांच्या गळ्यात मारला होता. विचार करा : घरातला मुलगा जे करतो तेच त्या दुकानदाराने केले. हात तोच, आकडा तोच, उष्णताही तीच. तरी एक कृती निर्दोष आणि दुसरी चोरी. फरक कुठे पडला?

आमच्या मते फरक तीन ठिकाणी पडतो. पहिला, बळ कोणाचे? मुलाने स्वतःच्या प्रोसेसरचे आयुष्य खर्चिले; दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या प्रोसेसरचे. दुसरा, ठाऊक कोणाला? मुलाला माहीत आहे की आपण राखीव बळात हात घातला आहे, म्हणून तो सावध राहतो. गिऱ्हाईक बिचारे निर्धास्त. तिसरा, त्या उत्तरावर विसंबतो कोण? मुलगा त्यावर खेळ खेळत असेल तर चुकीची किंमत एक डाव. पण त्याच संगणकावर पतपेढीचा हिशेब किंवा रुग्णाच्या औषधाचे प्रमाण काढले जात असेल, तर ती चूक तिसऱ्याच माणसाच्या अंगावर जाऊन पडते. बळ आपले आहे, खर्च डोळसपणे होत आहे, आणि चुकीचा भार दुसऱ्यावर पडत नाही, या तिन्ही अटी पाळल्या गेल्या तर आम्ही त्या मुलाला अडविणार नाही. उलट त्याच्या शेजारी बसून तापमान वाचू. तिन्हींपैकी एक जरी सुटली, तरी हा खेळ राहत नाही.

यावर कोणी म्हणेल की आता राखीव बळ उरलेच कुठे? हा आक्षेप खरा आहे. २००८ पासून इंटेलचे प्रोसेसर टर्बो नावाच्या सोयीने, थंडावा आणि वीज पुरेशी असेल तेव्हा, आपला वेग आपणच वाढवितात. पूर्वी जे बळ हौशी माणूस शोधून काढी ते आज कारखानाच बहुतांशी वापरून टाकतो. त्यामुळे आजच्या नवशिक्याच्या हाती शंभर-दोनशे मेगाहर्ट्झच लागतात. पण स्पर्धेच्या ओढीने कारखानाही काठावर जाऊ लागला की काय होते, हे २०२४ साली दिसले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर विनाकारण कोसळू लागले. त्यांना गरजेपेक्षा अधिक वीजदाब मिळत होता, हे कंपनीने त्या वर्षी जुलैमध्ये मान्य केले. पुढे सुधारणा आली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली गेली. मात्र जे प्रोसेसर आधीच झिजले होते ते त्या सुधारणेने पूर्ववत झाले नाहीत. त्या गिऱ्हाइकांपैकी अनेकांनी कसलाही प्रयोग केलेला नव्हता. राखीव बळ राखण्याचे काम ज्याच्यावर सोपविले होते, त्याच्याच हातून त्याला धक्का लागला. तेव्हा हा प्रश्न घरातल्या मुलापुरता नाही. ज्याच्या ज्याच्या हाती दुसऱ्याचे बळ आहे, त्या प्रत्येकाचा आहे.

वाचकांच्या मनात आतापर्यंत प्रोसेसरऐवजी माणसे उभी राहिली असतील. माणूस म्हणजे यंत्र नव्हे, हे आम्ही जाणतो, आणि म्हणूनच ही तुलना जपून करतो. जे यंत्राच्या बाबतीत जपावे लागते, ते माणसाच्या बाबतीत अधिक जपावे लागते, एवढाच आमचा मुद्दा आहे. 'तिला अजून एक क्लास झेपेल', 'तो आणखी एक पाळी करील', 'आई आहे ना, ती बघेल' ही वाक्ये आपल्या घरांत सहज उच्चारली जातात. बहुतेक वेळा ती खरीही ठरतात. मुलीला क्लास झेपतो, कामगार दुसरी पाळी करतो, आई सगळ्यांचे बघते. लिफ्ट सातव्या माणसासह वर जाते, आणि सातवा रोजचाच होतो. वास्तविक त्यांनी आपल्याला जे दिले ते आजारपणासाठी, दुःखाच्या दिवसासाठी, म्हातारपणासाठी मागे ठेवलेले होते. स्वखुशीने आणि उघड्या डोळ्यांनी कोणी ते देत असेल तर त्या त्यागाला आम्ही वंदन करू. पण ज्याने मागितले त्याला आपण काय मागत आहोत हे कळते काय?

माणसेही आधी बंद पडत नाहीत. ती त्या अरुंद पट्ट्यात जातात. काम चालू राहते, चेहरा नीट असतो, विचारले तर 'ठीक आहे' असे उत्तर येते. फक्त कुठे तरी एक बेरीज चुकते : परिचारिकेची एक नोंद, वाहनचालकाची एक डुलकी, बापाचा मुलावर विनाकारण उगारलेला हात. 'मला आता झेपत नाही' असे जो म्हणतो त्याला आपण दुबळा म्हणतो. वस्तुतः त्याने आपल्याला वेळीच खरे उत्तर दिलेले असते. जो कधीच नाही म्हणत नाही, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. त्या मुलाने प्रोसेसरसाठी एक रात्र जागून काढली. आपल्या माणसाचे 'ठीक आहे' हे उत्तर खरे आहे काय हे ताडून पाहण्यासाठी आपण निदान एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही.

आणि शेवटी एक फरक, जो ही तुलना मोडतो. प्रोसेसरला मूळ स्थितीत आणण्यासाठी ती दोन टोके असतात. वेळीच माघार घेतली तर प्रोसेसर दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखा चालू लागतो. म्हणूनच परतीची वाट ठाऊक झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नवशिक्याचा पहिला नियम. माणसाला अशी टोके नसतात. झोपेवाचून गेलेली वर्षे, धास्तीत गेलेले बालपण, रागात सुटलेला शब्द, यांतले काहीच बॅटरी काढून पुसता येत नाही. यंत्राच्या बाबतीत मर्यादा ओलांडून पाहून मग मागे येता येते. माणसाच्या बाबतीत मर्यादा कुठे आहे ते विचारूनच कळून घ्यावे लागते, आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा लागतो.

तेव्हा घरातला मुलगा संगणक उघडून बसला तर त्याला रागावू नये, अशी आमची वाचकांना विनंती आहे. वेग किती वाढला हे त्याने आपण होऊन सांगितले तर कौतुक करावे. मग त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : परत कसे यायचे ते ठाऊक आहे ना? उत्तरे ताडून पाहिलीस ना? आणि या संगणकावर घरातले आणखी कोण विसंबून आहे? त्याला या तिन्हींची उत्तरे देता आली, तर तो प्रोसेसरपेक्षा पुष्कळ मोठे काही शिकला असे समजावे. मग हेच तीन प्रश्न आपण ज्यांच्याकडून रोज काही ना काही मागतो त्या माणसांच्या संदर्भात स्वतःलाही विचारून पाहावेत.